बीदरच्या बाईंनी पाहिलेला मुलगा

मैलूर, बीदर
९ नोव्हेंबर १९९७

ती. अण्णांस,
ज्योत्स्नाचा जयभीम आणि नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आईला सांगा, की मी दोन्ही वेळा जेवते, आणि घरमालकीण विमलबाई न मागता ताकाचा तांब्या पाठवतात. रूपावहिनींना सांगा, की जवसाची चटणी तळाला गेली. हे गाऱ्हाणं आहे, बातमी नव्हे.

तुमच्या शाळेतले बाकीचे मास्तर विचारतात, की तुमची बहीण बीदरला नेमकं करते काय. आणि तुम्ही म्हणे, ती कोर्टात असते, एवढंच सांगून मोकळे होता. असं करू नका. त्यांना वाटेल, मीच कुठल्या खटल्यात अडकले आहे. नीट सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल. एखाद्याचा गुन्हा शाबीत होतो, पण तो पहिलाच असतो. अशा वेळी मॅजिस्ट्रेटसाहेब त्याला तुरुंगात न धाडता घरी पाठवू शकतात. त्याआधी ते मला सांगतात, की हा माणूस कसा आहे ते गावात जाऊन बघून या. मी बघून येते नि अहवाल देते. तो सुटला, तर ठरलेल्या मुदतीपर्यंत महिन्यातून एकदा तो मला भेटतो आणि मी त्याच्या घरी जाते. वागणं बिघडलं तर कोर्टाला कळवते. तुम्ही उनाड पोराला पहिल्या बाकावर बसवता ना? तेच. फक्त माझा वर्ग जिल्हाभर पसरलाय, आणि ऑफिसला जीप नाही.

आमचे वरिष्ठ सोमशेखर सर यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की गावात गेल्यावर आपण कोण ते सांगायचं नाही. कोर्टाने माफ केलेली शिक्षा आपण जाऊन गावाकडून द्यायला लावायची नाही. म्हणून मी साधी साडी नेसून, छत्री घेऊन, एसटीने जाते आणि गप्पा मारल्यासारखं विचारते.

माझी पहिली केस मार्गी लागली. नाव-गाव लिहीत नाही. गुप्त ठेवावं लागतं, तुमच्यापासूनसुद्धा. मेंढरंवाल्यांच्या घरातला मुलगा आहे, बापामागे आईने वाढवलेला. इथल्या जनावरांच्या बाजारात एका व्यापाऱ्याने त्याचा एडका शिंगाला धरून ओढला. शिंग मोडलं. याने काठी घातली, त्याचं मनगट मोडलं. पोरगा कोठडीत होता तेवढे दिवस आईने गावाला सांगितलं, की हैदराबादला कामाला गेलाय. गावाला अजून काही ठाऊक नाही.

आणि अण्णा, काय ती गल्ली! जिला विचारावं ती त्याची तारीफ करते. एका म्हातारीने सांगितलं, की याच्या अंगात राग नावाची चीज न्हाईच. मुंगी चावली तर मुंगीलाच विचारतो, दात दुखला का म्हणून. दुसरी म्हणाली, की दारू सोडा, पोरगा चहासुद्धा फुंकून पितो. मला चुरमुऱ्यांचा सुसला खायला घातला, आणि निघताना ब्लाऊजपीस देऊ लागले. सरकारी नोकराला घेता येत नाही म्हणून मी परत केला, तर सगळ्यांची तोंडं का उतरली कोण जाणे. असो. मी मोठा सुंदर अहवाल लिहिला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मुलाला दोन वर्षांच्या देखरेखीवर सोडलं. मला वाटलं, पहिल्याच फटक्यात माणसं ओळखायला शिकले.

मी लहान असल्यापासून लोभ करत आला आहात. आता सवय मोडू नये.

आपली,
ज्योत्स्ना


औराद
२० नोव्हेंबर १९९७

चि. ज्योत्स्ना हिस,
जयभीम, आणि मोठ्या भावाचे आशीर्वाद.

माणसं ओळखणाऱ्या बाईसाहेबांना कळवायला अत्यंत आनंद होतो, की आमच्या घरात एक कन्या उपवर आहे आणि ती घरच्यांना न विचारता परस्पर मुलं बघत फिरते.

काल बाजाराच्या दिवशी हॉटेलात बोरवाडीचा एक पालक शेजारी येऊन बसला. म्हणाला, की आमच्याकडच्या मयत लिंगाप्पाच्या मल्लेशला बघायला बीदरहून एक बाई येऊन गेली. चष्मेवाली, हातात छत्री, आडनाव सूर्यवंशी. लई चौकस बाई म्हणे. पोरगा पितो का, राग येतो का, आईला कसं वागवतो, बसाय-उठायला कोणासंगं असतो, कमाई किती, सगळं विचारलं. सुसला खाल्ला, पण ब्लाऊजपीस घेतला न्हाई. त्यावरून गावात दोन तट पडलेत. शेजारची सिद्धव्वा म्हणते, बाईला पोरगा पसंत न्हाई. बाकीचे म्हणतात, बाई हुशार हाय, अजून दोन-चार स्थळं बघून मग बोलायचंय तिला. माझा चहा नाकातून आला, ज्योत्स्ना. तो बिचारा पाठ थोपटत राहिला.

आता हसणं बाजूला ठेवून ऐक. तू औरादची पोर, तुला हे कळायला हवं होतं. आपल्याकडे स्थळ बघायला आलेल्या माणसासमोर कोणी वाईट बोलतं का? जुळणारं लग्न मोडलं तर सात पिढ्यांना दोष लागतो म्हणतात. दारुड्याला मोकळ्या मनाचा म्हणतात, आळशाला शांत, आणि भांडखोराला रोखठोक. तू विचारलेला एकूण एक प्रश्न मुलीचा बाप विचारतो, तोच आहे. मग त्यांनी मुलीच्या बापाला देतात तीच उत्तरं दिली. तुझा सुंदर अहवाल म्हणजे लग्नाची शिफारस झाली, बाई.

गुप्ततेचं म्हणशील, तर गुन्हा मला तू सांगितलास आणि नाव बाजाराने. दोन्ही माझ्या पोटातून वर येणार नाहीत. रूपाला फक्त ब्लाऊजपिसापर्यंतचं सांगितलंय. आईचं म्हणणं, की दुसऱ्यांची पोरं बघते तर एखादं स्वतःसाठीपण बघून ये म्हणावं, पण कोर्टातून सुटलेलं नको (ही शेवटची भर माझी).

चटणी पाठवतोय. माया डब्यात मावत नाही, म्हणून पत्रातून वेगळी पाठवली आहे.

तुझा,
नागेशअण्णा


मैलूर, बीदर
८ डिसेंबर १९९७

ती. अण्णांस,
ज्योत्स्नाचा जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले, आणि मग डोकं धरून बसले. ज्या अहवालावर एक माणूस तुरुंगाबाहेर आहे, तो वधूपक्षाला केलेल्या पाहुणचारावर लिहिलेला! सोमशेखर सरांना सांगितलं. ते इतके हसले, की शिपाई बघायला आला. मग डोळे पुसून म्हणाले, की आता गल्लीला काही विचारू नका, स्वतः बघा, आणि जे दिसेल ते साहेबांना खरं लिहून द्या.

म्हणून पुन्हा बोरवाडीला गेले. (नाव आता तुमच्यापासून काय लपवायचं.) मल्लेशच्या आईला, कोंडाबाईंना, विचारलं, की गाव मला काय समजतंय ते तुम्हाला ठाऊक होतं का. त्या चुलीत फुंकर घालत म्हणाल्या, की मी कुठं म्हणलं, तुमी पोरगा बगायला आलाव म्हून? लोकांनी म्हणलं. मी गप बसले. गप बसायला काय कोर्टाची मनाई हाय व्हय?

दुपारभर मी मल्लेशबरोबर माळावर बसले. बावीस वर्षांचा आहे, बोलतो कमी. मेंढरं चरत होती. तेवढ्यात शेतातलं एक कुत्रं कोकरावर धावून आलं. याने झटकन दगड उचलला. चेहरा असा झाला, की मला त्या व्यापाऱ्याचं मनगट आठवलं. मग त्याने दगड खाली ठेवला, दोन्ही हात काखेत दाबून धरले, आणि नुसत्या हाळीने कुत्रं पळवलं. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाला, की राग येतो, बाई. लई येतो. तवा काठी नसती तर दगड घेतला असता. आता हात दाबून धरायलोय, कधी जमतं, कधी वाटतं जमना. गल्लीभरच्या तारिफेपेक्षा मला हे एक वाक्य जड वाटलं. तेच साहेबांना लिहून दिलं, आणि आधीची माहिती कोणत्या गैरसमजातून मिळाली तेही. साहेबांनी सगळं गंभीरपणे वाचलं, हुकूम कायम ठेवला, आणि कागद मिटताना एवढंच विचारलं, की तो ब्लाऊजपीस खरंच परत केला होता ना.

अजून एक गंमत. परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, अशी त्याला अट आहे. पण बोरवाडीचा माळ म्हणजे अर्धा इकडे, अर्धा महाराष्ट्रात. मेंढरं हद्दीच्या दगडापलीकडे जाऊन चरतात आणि हा अलीकडे, कर्नाटकात, उभा राहून शिट्ट्या घालतो. मी म्हटलं, अरे, चार पावलं गेलास तर कोण बघतंय? तो म्हणाला, की तुमीच म्हणलाव की न्हाई जायचं म्हून. मला लाज वाटली. मेंढरांमागे हद्द ओलांडायची परवानगी मागणारा अर्ज मी साहेबांकडे दिलाय. असा अर्ज त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

आईला सांगा, स्वतःसाठी बघायला वेळ नाही. सध्या मागणी दुसऱ्यांचीच फार आहे.

थट्टा करा, पण लोभ त्याहून थोडा जास्त करा.

आपली,
ज्योत्स्ना


औराद
११ जानेवारी १९९८

चि. ज्योत्स्ना हिस,
जयभीम व आशीर्वाद.

तुझ्या मल्लेशचा भाव वधारलाय, अभिनंदन. बीदरची शिकलेली बाई महिन्यामागे महिना एकाच पोराला बघायला जाते, त्या अर्थी त्याच्यात काहीतरी असलं पाहिजे, असं आसपासच्या गावांनी ठरवलंय. दोन स्थळं चालून आली म्हणे. त्यातलं एक पार मादन हिप्परग्याचं, आळंद तालुक्यातलं. त्यांचेही पूर्वज मेंढरंवालेच, आता शेती करतात. मुलीचं नाव अंबिका. ही बातमी मला केशकर्तनालयात मिळाली, म्हणजे पक्की समजावी.

मला काळजी वाटते ती वेगळीच. बोलणी पुढे गेली, तर त्या मुलीला कोण सांगणार? तुझं तोंड कायद्याने बांधलेलं, कोंडाबाईचं मायेनं, गावाला माहीत नाही, आणि मला माहीत असून नसल्यासारखं. थट्टेत सुरू झालेली गोष्ट आहे, पण शेवटी एका पोरीचं आयुष्य त्यात आहे. विचार करून ठेव.

आईचा गुडघा बरा. रूपा तुझ्यासाठी स्वेटर विणते आहे, उन्हाळ्यापर्यंत होईल.

इकडची आठवण आली, तर ती इकडूनच निघाली असं समज.

तुझा,
नागेशअण्णा


मैलूर, बीदर
२२ फेब्रुवारी १९९८

ती. अण्णांस,
ज्योत्स्नाचा जयभीम. वि. वि.

तुम्ही म्हणालात तेच झालं, आणि ते माझ्या दारात येऊन उभं राहिलं.

आज सकाळी विमलबाईंनी हाक मारली, की पाहुणे आलेत. फेटा बांधलेले, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ. हातात तुरीच्या डाळीची पिशवी. नाव हणमंतप्पा, गाव मादन हिप्परगा. अंबिकाचे वडील. बोरवाडीत सिद्धव्वाने त्यांना सांगितलं होतं, की बीदरच्या बाईनं पोरगा इतक्यांदा बगितला आणि तरी जमवलं न्हाई. खोट असंल तर तिलाच ठाव असंल. म्हणून पत्ता काढत आले. अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलत होते. म्हणाले, की अक्का, तुमी पोरगा सोडला कामून, तेवढं सांगा.

मी काही बोलायच्या आत त्यांची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीवर गेली. मग सावकाश म्हणाले, की तुमी तर आमच्यातल्या न्हाई. तुमच्याकडं आमच्या पोरासाठी पोरगी कुठली असणार? मग तुमी तिथं कशाला जायलाव?

अण्णा, आपलं आडनाव ऐकून कोणाला काही उमगत नाही, याची मला नेहमी गंमत वाटायची. आज ती गंमत संपली. मी गप्प राहिले. आणि मला कळलं, की माझं गप्प राहणंच आता बोलतंय. मी जितकी गप्प, तितकं त्या माणसाच्या मनात काहीबाही वाढत चाललंय.

मग त्यांनीच सांगितलं. थोरली मुलगी सावित्री, भालकी तालुक्यात दिलेली. तिच्या वेळी त्यांनी गावभर विचारलं होतं. सगळ्यांनी एका तोंडाने सांगितलं, की पोरगा शांत, घर मोठ्या मनाचं. सावित्री दोनदा माहेरी आली ती पाठीवर वळ घेऊन. दोनदा समजूत घालून परत पाठवली, हे सांगताना त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, की या खेपेला मी चांगलं ऐकाय न्हाई आलो, अक्का. वाईट ऐकाय आलो. तेवढंच कोणी सांगत न्हाई.

मी सांगितलं, की माझ्याजवळ कोणाची मुलगी नाही, आणि मी तिथे का जाते ते सांगायची मला मुभा नाही. तुम्ही मुलालाच विचारा. ते कडवट हसले. म्हणाले, की आपली खोट आपल्या तोंडानं सांगणारा नवरदेव तुमी कुठं बगितलाय? होळीच्या आधीच्या रविवारी ते बोरवाडीला घर बघायला जाणार आहेत. डाळीची पिशवी नको म्हटलं तरी उंबऱ्यात ठेवून गेले.

सांगितलं, तर ज्या पोराने हद्दीचा दगडसुद्धा ओलांडला नाही, त्याचा विश्वास मी मोडते. नाही सांगितलं, तर ती अंबिका. तुम्ही मोठे आहात. मला थट्टा नको, उत्तर द्या.

लोभाची आज खरीच गरज आहे.

आपली,
ज्योत्स्ना


औराद
२७ फेब्रुवारी १९९८

चि. ज्योत्स्ना हिस,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

थट्टा नको म्हणतेस, म्हणून थोडक्यात लिहितो.

गुपित तुझं नाही, मल्लेशचं आहे. ते तू फोडायचं नाहीस. पण ते दडवायला त्याला मदतही करायची नाहीस. त्याच्याकडे जा, आणि सांग, की मुलीचा बाप माझ्या दारी आला होता आणि असं असं म्हणाला. पुढचं त्याच्यावर सोड. माणूस सुधारतोय की नाही, हे बघायचंच तुझं काम आहे ना? मग याहून चांगली संधी कोणती? तो लपला, तर तुला काय लिहायचं ते कळेल. नाही लपला, तर गल्लीने केलेली सगळी तारीफ फिकी पडेल.

आईला मी नाव-गाव न सांगता एवढंच विचारलं, की असं असेल तर मुलीच्या घरच्यांना कळावं का. तिने विचारही केला नाही. म्हणाली, माझी लेक द्यायची असती तर मला कळायला हवं होतं. आणि माझा लेक असता, तर त्यानेच सांगितलेलं मला आवडलं असतं.

डाळीचं मात्र काय केलंस ते कळव. आईला आणि कायद्याला, दोघांनाही उत्सुकता आहे.

एकटी आहेस असं वाटून घेऊ नको. औराद काही लांब नाही.

तुझा,
नागेशअण्णा


बोरवाडी
३ मार्च १९९८

ज्योत्स्नाबाईस कोंडाबाईचा नमस्कार. लिहिणार मल्लेश. आई सांगायली तसं लिवायलोय, माझ्या मनचं त्यात काही न्हाई.

बाई, तुमी परवा येऊन गेल्यापासून माझ्या घशाखाली भाकर उतरंना. तुमी म्हणलाव, हिप्परग्याचा पावणा तुमच्याकडं आलता, आता सांगायचं का न्हाई ते मल्लेशनंच बगावं. कामून सांगावं? लेकरानं चोरी केली का? कुणाची लेक पळवली का? एक काठी घातली. आमच्यात काठी कोण घालीत न्हाई? याचा बाप लिंगाप्पा तर (इथं आई जे बोलली ते मी लिवलं न्हाई).

लगीन होऊ द्या. पोर घरात येईल, चार दिस राहील, लेकराचा सोभाव बगंल. मग मी सोता तिला जवळ बसवून सांगते, देवाची आण. तवर तुमी गप राहा. आणि येताना छत्री आणू नका, छत्रीवरून लोक वळखायलेत.

एक सांगते बाई. कोर्टातून कोणतरी येणार म्हणलं, तवा माझा जीव धाकधूक करायचा. वाटायचं पोलीस येईल, दारात बूट वाजतील, गल्ली गोळा होईल. आणि आलाव तुमी. गल्ली म्हणली, कोंडाबाईकडं पावणी आली पोरगा बगायला. मला ठाव होतं तुमी कोण ते. पण मला ते ऐकून लई बरं वाटलं. म्हून गप बसले. माझ्या दारात कवा कोण असं आलंच नव्हतं. ते खोटं असलं तरी माझ्यापासून घेऊ नका.

लेकरावर माया असू द्या.

कोंडाबाई

वरचं आईचं. हे माझं.

बाई, मी सांगणार हाय. सिद्धव्वा साऱ्यांला सांगायली, मल्लेशला राग येतच न्हाई म्हून. उद्या ती पोरगी घरात आली आणि मला राग आला, तर तिला वाटंल हे कुठून आलं. तिला आधी ठाव असावं. मग तिनं यावं का न यावं ते तिचं तिनं बगावं. आईला हे वाचून दाखवलं न्हाई.

रविवारी तुमी या. छत्री आणली तरी चालतंय.

मल्लेश


मैलूर, बीदर
१२ एप्रिल १९९८

ती. अण्णांस,
ज्योत्स्नाचा जयभीम. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. गोष्ट पुरी झाल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. आज लिहिते.

त्या रविवारी मी छत्रीसकट गेले. हणमंतप्पा आणि त्यांचे भाऊ घोंगडीवर बसले होते, गल्ली दारात गोळा झालेली, सिद्धव्वा सगळ्यांच्या पुढे. कोंडाबाईंनी मला बघून डोळे मिटले. चहा यायच्या आधीच मल्लेश उठून उभा राहिला आणि सगळं सांगितलं. एडका, काठी, मनगट, कोठडी. हैदराबाद खोटं होतं, तेही. आणि ही बाई कोर्टाची आहे, स्थळवाली नाही, तेही. मधे कुठे थांबला नाही.

मग सिद्धव्वाने सावरायला घेतलं, की पोरगं लई मस्करी करतंय, मनावर घेऊ नका. मल्लेश म्हणाला, की सिद्धव्वाआत्या, तुमी लई चांगलं बोललाव माझ्याबद्दल, पण आता पुरं. त्या इतक्या दुखावल्या, की चहा येईपर्यंत बोलल्या नाहीत. गल्लीत हा विक्रम आहे म्हणे.

हणमंतप्पा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी विचारलं, की तुमी दर महिन्याला येऊन करताव काय? मल्लेशनेच उत्तर दिलं. घरात येते, आईला विचारते, की हा ओरडतो का, हात उचलतो का, पितो का. आई काही म्हणली, तर कोर्टात कळवते, आणि कोर्ट मला आत टाकू शकतं. हणमंतप्पांनी विचारलं, की लगीन झालं, तर बायकोला पण विचारणार का? मी म्हटलं, तिला आधी विचारीन. आणि तिला एकटीला बसवून विचारीन, घरचं कोणी जवळ नसताना.

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, की लगनाच्या आधी विचारायला आमी अख्खं गाव फिरलो. लगनानंतर सावित्रीच्या घरी विचारायला एक माणूस गेला न्हाई. मी पण न्हाई. मग मान वर करून विचारलं, की हे तुमचं येणं किती दिवस हाय? मी म्हटलं, पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत, मग मुदत संपते. तर म्हणाले, की वाढवून मिळत न्हाई का? आणि विचारलं, की अर्ज कुठल्या ऑफिसात द्यायचा, कन्नडात की मराठीत. सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत.

त्यांनी घरी जाऊन अंबिकाला काही न लपवता सांगितलं. तिचा निरोप आला, की होय-नाही नंतर सांगते, आधी त्या एडक्याचं काय झालं ते विचारून या. अण्णा, हे कोणीच विचारलं नव्हतं. साहेबांनी नाही, वकिलांनी नाही, मी नाही. मल्लेशने कळवलं, की जखम भरली, एका शिंगाचा एडका कळपात आहे, विकला नाही. मग होकार आला. अक्षय तृतीयेला लग्न आहे. गल्लीला सगळं कळलं, आणि कोणी काही केलं नाही. फक्त सिद्धव्वा आता सांगते, की मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं, बाई काही स्थळवाली दिसत न्हाई. कोंडाबाई माझ्याशी आठवडाभर रागावल्या, आणि गेल्या खेपेला सुसला खायला घालून म्हणाल्या, की आता तरी ब्लाऊजपीस घ्याल का. नाही घेतला. डाळही हणमंतप्पांना परत केली. आईला आणि कायद्याला कळवा.

पण खरं लिहायचं होतं ते पुढचंच. त्या रविवारी बसच्या फाट्यापर्यंत हणमंतप्पा माझ्याबरोबर चालत आले. बस दिसली, तेव्हा म्हणाले, की भालकी तुमच्या वाटेवरच पडते की. सावित्रीच्या दारात एकदा उभं राहून याल का? काही करू नका, म्हणाले. नुसतं दार वाजवा, पाणी मागा, ती कशी हाय ते बगा. घरच्यांला कळू द्या, की तिच्यासाठी कोणतरी येतंय.

तिथे ना केस आहे, ना कोर्टाचा हुकूम, ना मला तसा काही अधिकार. सोमशेखर सरांना विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, की रविवारी तुम्ही कुठे जाता ते ऑफिस विचारत नाही.

येत्या रविवारी मी जाते आहे. दार उघडून सावित्रीच्या सासरच्यांनी विचारलं, की आपण कोण, तर काय सांगू? एवढं मात्र उलट टपाली कळवा, अण्णा. आणि त्यापुढच्या महिन्यात तुम्हीपण माझ्याबरोबर चला.

लोभ मागायचा तो या खेपेला सावित्रीसाठी मागते.

आपली,
ज्योत्स्ना